सरोजाची काळी फिल्म

सोलापूरला जाऊन आले म्हटलं की मुंबईत जो तो विचारतो, चादरी आणल्या का? नाही आणल्या. चादरी घ्यायला गेलेच नव्हते मी. पौषातल्या थंडीत चार दिवस तिथे होते ते एका मुलीचं नाव यादीत ठेवायचं की कापायचं, हे ठरवायला. आणि परत आले ती शिकवायचं कसं हे शिकून. वीस वर्षं खडू घासलेल्या बाईला हे कबूल करणं जरा जड जातं, पण आता एकदाचं लिहून टाकते.

आधी माझं काम सांगते. दवाखान्यात एक्स-रेची आणि कोबाल्टची मशिनं असतात. त्यांचे किरण रोग्याला किती द्यायचे आणि मशिन चालवणाऱ्याला किती लागू द्यायचे, याचं शास्त्र म्हणजे मेडिकल फिजिक्स. मुंबईतल्या आमच्या संस्थेत त्याचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे, तो मी चालवते. शिवाय ठिकठिकाणच्या एक्स-रे खोल्यांतले बॅज आमच्याकडे तपासायला येतात. बॅज म्हणजे छातीवर लावायचा काडेपेटीएवढा डबा. त्यात फिल्मचा तुकडा असतो आणि पुढे धातूच्या दोन-तीन पट्ट्या. किरण जेवढे लागतील तेवढी फिल्म काळी पडते. महिनाअखेर फिल्म टपालाने आमच्याकडे येते, आम्ही ती मोजतो आणि कोणाला किती लागलं ते कळवतो.

सोलापूरच्या एका धर्मादाय दवाखान्यातली सरोजा, बी.एस्सी. झालेली, एक्स-रे विभागात मदतनीस. आमच्या नव्या तुकडीत तिची निवड झाली होती. आणि नेमकी तिच्याच बॅजची दसऱ्याच्या महिन्याची फिल्म काळीकुट्ट निघाली! वर्षभरात लागू नये एवढं एका महिन्यात. नियम सरळ होता. बॅज अंगावर होता की नव्हता, नव्हता तर कुठे होता, याचा सहीनिशी खुलासा मिळेपर्यंत तिने किरणांच्या आसपास फिरकायचं नाही. म्हणजेच अभ्यासक्रमालाही यायचं नाही. तिला दोनदा पत्र पाठवलं. दोन्हीदा उत्तर एकच आलं: "मला माहीत नाही." शनिवारी आमच्या समितीची बैठक होती. तोवर खुलासा आला नाही तर तिची जागा दुसऱ्याला जाणार होती.

जिल्ह्यातल्या एक्स-रे तंत्रज्ञांसाठी दोन दिवसांचा वर्ग घ्यायला मला तिथे जायचंच होतं. म्हटलं, त्यातच अर्ध्या तासात हे प्रकरण मिटवून टाकू. मी नाकावर माशी बसू देत नसे त्या काळात.

सोमवार, स्टेशनवरून

सकाळी गाडीतून उतरले तर एक उंच, कपाळावर भस्माचे पट्टे ओढलेले गृहस्थ माझ्या नावाची पाटी उलटी धरून उभे. हे महादेवअप्पा. त्या दवाखान्यातले सर्वांत जुने एक्स-रे तंत्रज्ञ, बावीस वर्षं त्याच खोलीत, आणि निवृत्तीला आठ महिने उरलेले.

"बर्री बाई, बर्री!" असं कानडीत 'या, या' म्हणत त्यांनी माझी ट्रंक टांग्यात चढवली. मुंबईत मी 'मॅडम' असते. इथे उतरल्या उतरल्या बाई झाले, आणि खरं सांगायचं तर बरं वाटलं.

टांग्यात मी लगेच मुद्द्याला हात घातला. "अप्पा, सरोजा कशी आहे कामाला?"

"लई गुनी पोरगी. मीच शिकिवली की तिला. आता म्हनं तुमी नापास केली?"

"नापास नाही हो. तिची फिल्म काळी आली."

"आसंल," अप्पा म्हणाले आणि घोड्याकडे बघत बसले. एक्स-रेच्या खोलीत फिल्म काळी येणं ही त्यांच्या लेखी रोजचीच गोष्ट होती.

सरोजा दुपारी भेटली, मशिनपासून दूर, नोंदणीच्या टेबलाशी. सावळी, किडकिडीत, दोन वेण्या, आणि छातीवर बॅज अगदी नियमात सांगितलेल्या जागी. मी तिला फिल्म दाखवली. माणूस बॅज लावून वावरतं तेव्हा ते हलतं, वळतं, त्यामुळे धातूच्या पट्ट्यांच्या सावल्या फिल्मवर पुसट येतात. हिच्या फिल्मवर त्या सुरीने कापल्यासारख्या होत्या. शिवाय मधोमध एक कोरा गोल. तो गोल म्हणजे धुताना पडलेला रसायनाचा थेंब, असं आमच्याकडे सगळ्यांचं मत पडलं होतं.

"हा बॅज तुझ्या अंगावर नव्हता," मी म्हटलं. "एका जागी पडून होता. कुठे, तेवढं सांग आणि मोकळी हो."

तिने फिल्मकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिला माहीत होतं! चेहऱ्यावर दिसत होतं ते. पण म्हणाली, "मला माहीत नाही, बाई."

मी चिडले, आवाजही चढवला. ती मान खाली घालून उभी राहिली.

मंगळवार, एक्स-रे खोली

वर्गाला बाहेरगावचे अकरा जण आले होते, शिवाय अप्पा आणि सरोजा. बार्शीहून पहाटेची एस.टी. धरून आलेले गफूरभाई सगळ्यांत बोलके, अकलूजचे दोघे सगळ्यांत झोपाळू. मुंबईहून जिवापाड जपून आणलेल्या स्लाइडच्या यंत्राचा दिवा तिसऱ्याच स्लाइडला फट्‌ करून गेला. सोलापुरात तसला दिवा कुठे मिळणार! मग मी खडू घेतला आणि तीन तास बोलले. मी शिकवत असले की टाचणी पडली तरी ऐकू यायची आणि त्याचा मला फार अभिमान होता. इथेही तसंच झालं. "कळलं?" विचारलं की अकराच्या अकरा माना हलायच्या. "व्हय बाई." एकही शंका नाही. मी आपली खूश.

जेवणाच्या सुट्टीत अप्पांनी डबा उघडला. बाजरीची कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही. भाकरी पापडासारखी मोडते आणि चटणी खाताना डोळ्यांतून पाणी येतं, पण हात काही थांबत नाही. आमच्याकडे भाकरी मऊ नसली तर सुनेचा उद्धार होतो. इथे मुद्दाम कडक करतात आणि महिना महिना टिकवतात.

जेवणानंतर मी परीक्षा घेतली. कागदावर नाही, तोंडी. एकेकाला मशिनजवळ बोलावलं, सकाळी सांगितलेलं करून दाखवा म्हटलं. देवा रे! शिशाचा एप्रन कशासाठी, तर "कपडे खराब व्हऊ नयेत म्हनून." किरण निघतात त्या तोंडाला लावायचा पत्र्याचा शंकू, ज्याने झोत आवळला जातो, तो कोपऱ्यात, त्यात कुणीतरी छत्री ठेवलेली. बॅज कशाला, या प्रश्नावर अकलूजचे एक जण म्हणाले, "सरकारी दवाखान्यात कामाला हाय म्हनून." आणि ते तर खाजगी दवाखान्यातले!

मी खडू टेबलावर आपटला. "मग सकाळी माना कशाला हलवत होता?"

गफूरभाई म्हणाले, "बाई, तुम्ही इतकं चांगलं बोलत होता, मध्ये कसं तोडायचं?"

वीस वर्षं ज्या शांततेवर मी मिरवत होते, तिचं कारण हे होतं. माझं तोंडच उतरलं.

मंगळवार संध्याकाळ, भवानी पेठ

सरोजाच्या वडिलांनी घरी चहाला बोलावलं होतं. माग आधी आणि माणसं नंतर, असं त्यांचं घर. पुढच्या खोलीत हातमाग, त्याच्या खड्ड्यात पाय सोडून वडील बसलेले, अर्धं विणलेलं हिरवं लुगडं समोर ताणलेलं. घरात तेलुगू, माझ्याशी मराठी. चहाचं निमित्त होतं. आईने भात आणि चिंचेचं तिखटजाळ सार वाढलं आणि "तिनंडम्मा, तिनंडम्मा" करत मला दोनदा भात घेतल्याशिवाय उठू दिलं नाही. सरोजा स्वयंपाकघराच्या दारात उभी.

"बाई, पोरगी मुंबईला जाईल का?" वडिलांनी सरळच विचारलं. "आमच्या गल्लीत माग सोडून कुणी काय शिकलं न्हाय. ही पैली."

"तिने तोंड उघडलं तर जाईल," मी म्हटलं. सरोजा आत निघून गेली.

मला फार वाईट वाटलं. विषय बदलायचा म्हणून विचारलं, विणायला कुणी शिकवलं तुम्हाला?

"बापानं. पन तोंडानं एक शब्द न्हाय सांगितला." ते हसले. "मला मागावर बसवायचा. मागनं गुपचूप ताण्यातला एखादा धागा तोडायचा, न्हायतर दोन धाग्यांची जागा बदलायची. आनि आपन वट्ट्यावर जाऊन बसायचा. मी शोधायचं. बोटानं चाचपून, चाचपून. सापडला की हाक मारायची, बाबा, हितं! मग यिऊन इचारायचा, ह्यानं काय बिघडलं असतं, सांग."

"आणि नाही सापडला तर?"

"तर लुगड्यात दिसायचंच की. त्यो काय बोलायचा न्हाय, लुगडंच बोलायचं."

त्यांनी माझं बोट धरून ताण्यावर, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांवर, फिरवलं. शेकडो धागे, सगळे सारखे. एका ठिकाणी बोटाला किंचित पोकळी लागली. "हितं?" मी म्हटलं. ते इतके खूश झाले की आतून सगळ्यांना हाका मारून बोलावलं. शाळेत पहिला नंबर आला होता तेव्हाही मला एवढा आनंद झाला नव्हता.

बुधवार

सकाळी कोणी यायच्या आत एक्स-रे खोलीत जाऊन मी आठ चुका पेरून ठेवल्या. शंकू उलटा लावला. एप्रन मधोमध घडी करून ठेवला, म्हणजे आतलं शिसं तडकतं. दार किलकिलं ठेवलं. आणखी चारेक तसल्याच. आणि माझा स्वतःचा बॅज काढून एक्स-रेच्या टेबलावर ठेवून दिला.

"आज मी शिकवणार नाही," सगळे आल्यावर मी सांगितलं. "मी ओट्यावर बसते. या खोलीत काय काय बिघडलंय ते शोधायचं. सापडलं की हाक मारायची. आणि त्याने काय झालं असतं ते एकाने दुसऱ्याला समजावून सांगायचं. मला नाही."

पाच मिनिटं सगळे अवघडून उभे. मग गफूरभाई ओरडले, "बाई, इधर! शंकू!" आणि जो काही गोंधळ सुरू झाला म्हणता! अकलूजचे झोपाळू टेबलाखाली शिरले. आठ चुकांच्या बारा सापडल्या, कारण चार मी पेरलेल्याच नव्हत्या, त्या खोलीतच बावीस वर्षं होत्या. भांडणं काय, हशा काय. त्या वर्गात टाचणी नव्हे, पाटा पडला असता तरी कोणाला ऐकू आला नसता.

"आणि हा बाईंचा बॅज टेबलावर," गफूरभाईंनी तो उचलला. "पण ह्याने काय बिघडतं?"

"सरोजा, तू सांग," मी म्हटलं. "अप्पांना सांग."

हे मी सहज म्हटलं. सगळ्यांत धाकटीने सगळ्यांत थोरल्याला शिकवावं, एवढंच मनात होतं. पण सरोजाचा चेहरा पांढराफटक पडला.

"दुसरं कुणीतरी सांगेल, बाई."

"आगं सांग की," अप्पाच म्हणाले. "बारा वर्सं बॅज हाय माज्याकडं, आन मला बी ठावं न्हाय. लाजायचं काय त्यात?"

ती हळूहळू सांगायला लागली. बॅजच्या आत फिल्म असते, अप्पा. किरण लागले की काळी होते. आपण बॅज लावला तर आपल्याला लागलेले किरण ती मोजते. बॅज टेबलावर राहिला, तर टेबलावर पडलेले किरण मोजते, आणि मुंबईला वाटतं की ते आपल्यालाच लागले.

अप्पा ऐकत होते. ऐकता ऐकता त्यांची मान हलायची थांबली.

"म्हंजी खंडेनवमीला..." ते म्हणाले.

सरोजा रडायला लागली.

मग अप्पांनीच सगळं सांगितलं. खंडेनवमीला सोलापुरात प्रत्येक जण आपल्या हत्याराची पूजा करतो. विणकर मागाची, गवंडी थापीची. अप्पा दरवर्षी मशिनची करत. टेबलाच्या एका टोकाला वस्त्र अंथरून त्यावर सगळ्यांची हत्यारं मांडायची. सरोजाला त्यांनी विचारलं, पोरी, तुझं हत्यार कुठलं? ती म्हणाली, मला मुंबईहून मिळालेलं एकच आहे, हा बॅज. अप्पांनी तो ताटाशेजारी मांडला, त्यावर विड्याचं पान आणि रुपया ठेवला. पूजेला बसवलेलं हत्यार दसरा उजाडेपर्यंत हलवायचं नाही. सरोजा घरी गेली. दुपारी ट्रकखाली सापडलेले दोघे आले, दोघांच्याही पायांचा चुरा. अप्पांनी पूजा न हलवता टेबलाच्या दुसऱ्या निम्म्यावर त्यांना आडवं केलं आणि फोटोमागून फोटो काढले. शंकू तर कोपऱ्यात छत्री सांभाळत होता. झोत मोकळा, सगळ्या टेबलभर.

"रुपया!" मी ओरडलेच. "तो कोरा गोल म्हणजे रुपया!"

"तू सांगितलं का न्हाईस गं?" अप्पांनी सरोजाला विचारलं.

"तुमचे आठ महिने राहिलेत," ती हुंदके देत म्हणाली. "तुमच्यावर आलं असतं."

मीही डोळे पुसले. लपवत नाही. पण नुसतं रडून समिती ऐकणार नव्हती. मी सरोजाला म्हटलं, सिद्ध कर. तिनेच सगळं मांडलं. माझ्याजवळचा कोरा बॅज, त्यावर पान, त्यावर रुपया, शंकू काढलेलं मशिन. सरोजाला दाराबाहेर थांबवून गफूरभाईंनी कळ दाबली, अकलूजकरांनी फिल्म धुतली. ओली फिल्म तिने उजेडासमोर धरली. कापल्यासारख्या सावल्या आणि मधोमध कोरा गोल. अकरा जणांनी टाळ्या वाजवल्या, आणि माझ्याच वर्गात माझ्याखेरीज दुसऱ्या कुणासाठी टाळ्या वाजल्याचा मला जन्मात पहिल्यांदा आनंद झाला.

टाळ्या थांबल्यावर अप्पांनी कपाटाचा खण ओढला. आत त्यांचा स्वतःचा बॅज, मऊ कापडात गुंडाळलेला. "खराब व्हऊ नये म्हनून जपला. महिना झाला की नवी फिल्म घालायची, जुनी धाडायची. तुमच्याकडनं शून्य यायचं. मला वाटायचं, चांगलंच हाय की."

त्याखाली बॅजसोबत दरवर्षी जाणारी सूचनांची पत्रकं नीट घडी करून ठेवलेली होती. बारा पत्रकं, बाराही इंग्रजीत. ती मी लिहिलेली.

गुरुवार, अक्कलकोट रस्त्याला

निघायच्या दिवशी अप्पांनी आम्हाला भावाच्या शेतावर हुरड्याला नेलं. शेकोटीत भाजलेली ज्वारीची कणसं हातावर चोळायची, फुंकर मारायची आणि गरम गरम तोंडात टाकायची. भाऊ-भाऊ आपसांत कानडीत बोलत, आमच्याकडे वळले की मराठीत आग्रह करत. पोत्यावर बसून सरोजा खुलासा लिहीत होती. मी ठरवलं होतं, एक शब्दही सांगायचा नाही.

पहिला मसुदा तिने वाचला. "बॅज टेबलावर राहून गेला."

"कोणी ठेवला?" मी विचारलं.

तिने पेनचं टोपण लावलं.

"माजं नाव लिव," अप्पा कणीस भाजता भाजता म्हणाले. "पूजेला मी मांडला. मशिन मी चालिवलं. माजा बॅज खणात असतुया, त्ये बी लिव. आर्धं लिवशील तर बाईंचं काम अडंल आन तुजं बी."

"अप्पा, पेन्शन..."

"काय व्हईल ते व्हईल. लिव म्हनतो न्हवं!"

तिने लिहिलं. रडत रडत लिहिलं, पण सगळं लिहिलं. खाली तिची सही, तिच्याखाली अप्पांची. मग तिने कागद माझ्यापुढे धरला. मी शेवटी एक वाक्य जोडलं की बॅज कसा वापरायचा हे या दोघांना कळेल अशा भाषेत सांगणं माझं काम होतं आणि मी ते केलेलं नाही.

मुंबई

शनिवारी समितीत मी दीड तास भांडले. दोन्ही फिल्म शेजारी शेजारी ठेवल्या आणि सरोजाची जागा राखली. अप्पांच्या दवाखान्याला कडक समज देणारं पत्र गेलं, पेन्शनला मात्र धक्का लागला नाही. पत्रकं आता मराठीत छापली आहेत, आणि ती आधी गफूरभाईंना वाचायला पाठवते. माझ्या वर्गात आता मी चुका पेरते आणि कोपऱ्यात जाऊन बसते. शेजारच्या वर्गाचे प्राध्यापक गोंगाटाची तक्रार करतात.

सरोजा आली, रुळली, आणि तिसऱ्या महिन्यात मी तिला फिल्म मोजायच्या टेबलावर बसवलं. एका सकाळी सोलापूरचं पाकीट तिच्याच हातात आलं. अप्पांनी बॅज खरोखर छातीवर लावून काढलेला पहिला पुरा महिना. तिने फिल्म यंत्राखाली घातली, काटा पाहिला, पुन्हा घातली, पुन्हा पाहिला. मी मागून डोकावले. फिल्म मर्यादेच्या आत होती, पण अगदी काठावर.

"लहान पोरं हलतात," ती म्हणाली. "आया घाबरतात. मग अप्पाच पोराला धरून उभे राहतात, एप्रनसुद्धा न घालता. दिवसाला चार, पाच." त्याच दिवशी तिने अप्पांना पत्र लिहिलं, पोरांना धरायचं आजपासून बंद, एप्रन घालून आईला धरू द्या. मग तिने नोंदवही उघडली. अप्पांचं पान. बारा वर्षं, महिन्यामागून महिना शून्य, आणि प्रत्येक शून्यापुढे माझी सही.

"बाई," तिने विचारलं, "ही शून्यं खोटी आहेत. इथे काय लिहू?"

मी खुर्ची ओढून तिच्याशेजारी बसले.

"माहीत नाही, असं लिही," मी म्हटलं.

तिने लाल पेन घेतलं आणि पहिल्या शून्यापासून सुरुवात केली. तिने लिहायचं आणि शेजारी मी पुन्हा सही करायची. दुपारपर्यंत आम्ही दोघी तेच करत होतो.